डबा घेऊन आलेले पाहुणे

आपल्या घरी जेवायच्या वेळी पाहुणे यावेत आणि प्रत्येकाने आपापला डबा आणावा, यापेक्षा मोठा अपमान मला तरी ठाऊक नाही. अमेरिकेतल्या कॅरी या गावातल्या आमच्या दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये माझा तसा अपमान झाला, आणि मी तो मुकाट्याने गिळला नाही. मुळात ही गोष्ट आहे आफ्रिकेतल्या एका डोंगरवाटेची. पण तिचं भांडण माझ्या हॉलमधल्या सोफ्यावर झालं, त्याला माझा नाइलाज आहे.

२००३ साली मी नवऱ्याच्या मागून नॉर्थ कॅरोलायनात आले. तो नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. मी पुण्याची. लग्नाआधी मी नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत नोकरी करत होते आणि शनिवार-रविवार सह्याद्रीत भटकत होते. अमेरिकेत आल्यावर माझ्या पासपोर्टवर डिपेंडंट असा शिक्का बसला. या देशात मला नोकरी करायची परवानगी नव्हती, स्वयंपाक करायची होती. पहिले सहा-आठ महिने मी खिडकीतून पार्किंग लॉट बघत काढले. एवढी चिडचिड मी आयुष्यात कधी केली नसेल. नवरा ऑफिसमधून आला की दारातच माझ्या चेहऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि मग बूट काढायचा.

मग एके दिवशी लायब्ररीच्या नोटिसबोर्डावर एक कागद दिसला. जवळच्या एका चर्चच्या समितीला नकाशे काढता येणारं कोणीतरी हवं होतं, पगार मिळणार नव्हता. पगार नाही म्हणजे मला चालणार होतं, नव्हे, तेवढंच चालणार होतं. मी त्याच दुपारी फोन केला.

त्या चर्चची मंडळी बरीच वर्षं मलावीत डॉक्टर आणि औषधं पाठवत होती. तिथे मोठ्या तलावाच्या काठापासून डोंगर चढून पठारावर जाणारी एक फार जुनी वाट आहे. एके काळी त्या वाटेने मीठ जायचं, हस्तिदंत जायचं, आणि दोरखंडाने एकमेकांना बांधलेली माणसंही गुलाम म्हणून विकायला नेली जायची. ती वाट पुन्हा मोकळी करायची, जगभरातून चालायची हौस असलेली माणसं तिथे न्यायची आणि वाटेवरच्या गावांना त्याचा फायदा करून द्यायचा, असा समितीचा बेत होता. मला तो ऐकताक्षणी आवडला. गडाच्या पायथ्याच्या गावात शिरलं की पहिला प्रश्न येतो, पाणी घेणार का, आणि दुसरा, जेवणाचं काय. चार भाकऱ्या जास्त थापल्या जातात आणि त्या घरात चार पैसे येतात. हे मी इतकी वर्षं पाहिलं होतं की याहून वेगळं काही असू शकतं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

समितीत आम्ही सात जण होतो. अध्यक्ष होते जंगल खात्यातून निवृत्त झालेले एक उंच, सरळ पाठीचे गृहस्थ. त्यांनी आयुष्यभर अमेरिकेतल्या डोंगरांत पायवाटा आखल्या होत्या. माणूस सज्जन, बोलणं हळू, आणि हट्ट माझ्याइतकाच. दुसरी एक बाई होती मलावीचीच. शेजारच्या रॅली शहरातल्या एका वृद्धाश्रमात ती नर्स होती. आपल्याकडे नर्सला सिस्टर म्हणतात तशी मी तिला पहिल्या दिवसापासून सिस्टर म्हणायला लागले आणि तिनेही ते बहिणीचं नातं मानून घेतलं. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी होती. तिची आई त्याच जुन्या वाटेवरच्या एका गावात राहायची, झऱ्याच्या कडेला.

सिस्टरला त्या वाटेतून काय हवं होतं, ते तिने मला एकदा पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. तिचे भाऊ केव्हाच शहरात गेले होते. आईजवळ उरली होती फक्त सगळ्यात धाकटी बहीण, आणि आता तिचंही जायचं घाटत होतं, कोणाच्या तरी घरी धुणीभांडी करायला. "वाट दारावरून गेली तर ती जाणार नाही," सिस्टर म्हणाली. "माणसं येतील, त्यांना जेवायला लागेल, झोपायला लागेल. तिला घरीच काम मिळेल. वाट नाही गेली, तर आई एकटी पडेल. मी इथे दुसऱ्यांच्या आयांना आंघोळ घालते." शेवटचं वाक्य ती अगदी सहज बोलली.

आणि मग अध्यक्षांनी आपली रेघ आखलेला नकाशा टेबलावर पसरला.

त्यांची वाट डोंगराच्या धारेवरून जात होती. वरून तलाव दिसतो, सूर्योदय दिसतो, एकही घर दिसत नाही. गावं सगळी खाली, उतारावर. चालणाऱ्याने आपला तंबू, आपली चूल, पाणी घातलं की फुगणारं कोरडं अन्न, सगळं पाठीवर न्यायचं. मुक्काम वस्तीपासून लांब करायचा. आपण आलो होतो याची कसलीही खूण मागे ठेवायची नाही. फी जमा होईल ती समितीकडे, आणि समिती त्यातून गावांना शाळेचं छप्पर वगैरे बांधून देईल. "त्या लोकांकडे आधीच फार थोडं आहे," अध्यक्ष म्हणाले. "आपण त्यांच्यावर ओझं होता कामा नये."

नॉर्थ कॅरोलायनात बसून मलावीतली वाट आखायची, हे तसंही उंटावरून शेळ्या हाकणंच होतं. पण शेळ्या निदान त्यांच्या पाण्यावरून तरी हाकाव्यात! मी म्हटलं, ही वाट ऐतिहासिक म्हणता, मग डोक्यावर हस्तिदंत घेतलेली माणसं डोंगराच्या धारेवर हवा खायला गेली होती का? आमच्याकडच्या घाटवाटा बघा. जिथे पाणी तिथे वाट, आणि जिथे वाट तिथे गाव. जुन्या तांड्यांना रोज पाणी लागायचं, धान्य लागायचं. खालची वाट अजून मोडलेली नाही, बायका बाजाराला त्याच वाटेने जातात, असं सिस्टर सांगतेय. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, चालणाऱ्याला इतिहासाची जाणीव व्हायला एकांत लागतो, आणि माहितीच्या पाट्या आपण लावूच. ज्या वाटेवरून सिस्टरच्या पणजीच्या बहिणींना पळवून नेलं होतं, तिची माहिती तिला पाटीवर मिळणार होती.

पुढच्या बैठकीत मतं घ्यायची ठरली. चर्चच्या हॉलमध्ये फरशीचं काम निघालं होतं, तेव्हा मी म्हटलं, माझ्या घरी या. शनिवारी दुपारी. ईमेलवर अध्यक्षांनी सगळ्यांना कळवलं आणि खाली एक ओळ टाकली, की यजमानीण बाईंना त्रास नको, प्रत्येकाने आपापली ब्राऊन बॅग आणावी.

मी शुक्रवारीच मॉरिसव्हिलच्या इंडियन स्टोअरमधून कोथिंबीर, तोंडली, वेलची घेऊन आले. दही फडक्यात बांधून सिंकच्या नळाला टांगलं. शनिवारी सकाळी नवरा कॉफीचा कप घेऊन किचनमध्ये आला आणि परातीतली कणीक बघून थांबला.

"अगं, ब्राऊन बॅग लिहिलंय ना यार. जो तो आपलं लंच आणणार. तू एवढा पसारा काय मांडलायस?"

"मला कळतं ब्राऊन बॅग म्हणजे काय. माझ्या घरात चालणार नाही."

"ते लोक तुला त्रास नको म्हणून करताहेत."

"मला त्रास हवाय."

त्याने एक घोट घेतला. "आज मीटिंगमध्ये काहीतरी होणार आहे," तो म्हणाला आणि आपला लॅपटॉप उचलून बेडरूममध्ये जाऊन बसला. त्याला वादळाची दिशा बरोबर कळते, ऑफिसातही म्हणे कळते.

मी तोंडलीभात केला, मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या आणि श्रीखंड. टेबलाला दोन खुर्च्या शेजारच्या काकूंकडून आणल्या. काकूंनी विचारलं, "कोण येतंय गं एवढं?" मी म्हटलं, "अमेरिकन पाहुणे आहेत, डबा घेऊन येणारेत." काकू म्हणाल्या, "मग तू काय त्यांना ताटं धुवायला बोलावलंस?"

पाहुणे वेळेवर आले. अध्यक्ष, त्यांचे दोन जुने मित्र, बँकेतून निवृत्त झालेले एक लठ्ठ, हसरे गृहस्थ आणि शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई. प्रत्येकाच्या हातात खाकी कागदाची पिशवी आणि पाण्याची बाटली. सिस्टर शेवटी आली, ड्यूटीवरून थेट, अंगावर निळा युनिफॉर्म. तिच्या हातात काही नव्हतं. तिने दारात बूट काढले, किचनमध्ये येऊन हात धुतले आणि विचारलं, "काय मदत करू?" मी तिच्या हातात कोशिंबिरीचं भांडं दिलं.

कॉफी टेबलावर नकाशा पसरला. तासभर बोलणं झालं. वरच्या रेघेवर कुठे उतार जास्त आहे, कुठे तंबू लागतील. वरच्या वाटेची एक अडचण अध्यक्षांनी स्वतःच सांगितली. मधल्या मुक्कामाला धारेवर पाणी नव्हतं, तेव्हा त्या एका ठिकाणी वाट खाली उतरवून सिस्टरच्या आईच्या झऱ्यावरून न्यावी लागणार होती. "बाटल्या भरायच्या आणि लगेच परत वर," ते म्हणाले. आतून पुऱ्यांच्या तेलाचा आणि गोड्या मसाल्याचा वास येत होता. बँकवाल्या गृहस्थांचं लक्ष दोनदा किचनकडे गेलेलं मी पाहिलं.

एक वाजला. मी म्हटलं, "चला, पानं वाढलीत."

अध्यक्ष हसले. खूप प्रेमाने हसले, तेच तर वाईट होतं. "तुम्ही इतकं करायला नको होतं. आम्ही आमचं आणलंय." आणि त्यांनी मांडीवर कागदी पिशवी उघडली. सँडविच, छोटी गाजरं, एक सफरचंद. बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि आपापल्या पिशव्या उघडल्या. माझ्या टेबलावर सात पानं मांडलेली, आणि सगळे सोफ्यावर बसून कुरुम कुरुम गाजरं खाताहेत! एकटी सिस्टर टेबलाशी बसली होती. तिने पुरीचा तुकडा तोडला आणि हात तसाच थांबवला.

माझं इंग्रजी रागात सुधारतं. त्या दिवशी ते फारच सुधारलं.

"तुम्ही माझ्या घरात आलात," मी म्हटलं. "पाणीसुद्धा बरोबर आणलंत. खाऊन झालं की पिशवीत कागद गोळा कराल आणि घरी नेऊन टाकाल. माझ्या कार्पेटवर चुरा सांडणार नाही. तुम्ही आलात काय आणि न आलात काय, या घराला काय फरक पडला? फक्त माझा सोफा वापरलात. हीच तुमची वाट आहे. तुम्ही हिच्या आईच्या दारावरून असेच जाणार. ती दारात उभी असेल आणि तुम्ही तिला तुमचा डबा दाखवणार."

कोणी चघळत नव्हतं. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला होता. "आम्हाला ओझं व्हायचं नव्हतं," ते म्हणाले.

"ओझं व्हा!" मी ओरडलेच. "ओझं झालात तरच त्यांच्या घरात काही येईल. पाहुण्याने ओझं व्हायचं नाही म्हणजे काय? मग पाहुणा झालात कशाला? तुमची फी तुम्ही वरून वाटणार, छप्पर बांधून देणार, आणि त्यांनी हात जोडायचे. तिला दान नकोय, तिला गिऱ्हाईक हवंय, पाहुणा हवाय. तिला तुमच्यासमोर ताट ठेवून विचारायचंय, अजून वाढू का. तेवढी तिची पत तरी राहू द्या."

बेडरूमचं दार किंचित उघडलं आणि परत बंद झालं.

पांढऱ्या केसांच्या मास्तरीणबाई उठल्या. त्यांनी अर्धं सँडविच पिशवीत घातलं, पिशवीची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली आणि येऊन सिस्टरच्या शेजारी बसल्या. "हे हाताने खायचं का?" त्यांनी विचारलं. त्यांच्यामागून बँकवाले आले, इतक्या लगबगीने की त्यांच्या मनात मघापासून काय चाललं होतं ते कळलं. हळूहळू अध्यक्षांचे मित्रही आले. अध्यक्षांनी मात्र आपलं सँडविच शेवटच्या घासापर्यंत सोफ्यावर बसून संपवलं, मग सफरचंद. ते देठापर्यंत खाल्लं. मी त्यांच्यासमोर श्रीखंडाची वाटी नेऊन ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही. माझा राग होताच, पण मनात म्हटलं, माणूस आहे खरा.

मग मतं झाली. सिस्टर, मास्तरीणबाई आणि मी खालच्या वाटेच्या बाजूने. बाकीचे चौघे वरच्या. श्रीखंड दोनदा मागून घेतलेल्या बँकवाल्यांनीसुद्धा हात वर केला, माझ्याकडे न बघता. खाल्ल्या अन्नाला जागणं म्हणतात ते मी त्यांच्याकडून अपेक्षिलं होतं, हे माझं चुकलं.

अध्यक्षांनी नकाशाची गुंडाळी माझ्याकडे दिली. "पक्की प्रत महिन्याभरात होईल?"

"होईल. मी काढणार नाही."

"म्हणजे?"

"मी ही वाट काढणार नाही. दुसरं कोणी बघा."

त्यांनी गुंडाळी काखेत घेतली, जेवणाबद्दल आभार मानले, जे जेवण त्यांनी खाल्लं नव्हतं, आणि गेले. सिस्टर मागे थांबली. ती ताटं विसळत होती, मी पुसत होते. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "मी आईला फोनवर सांगेन, वाट झऱ्यापर्यंतच येणार आहे. बघू ती काय म्हणते ते."

नवरा बाहेर आला आणि त्याने उरलेल्या पुऱ्यांकडे बघितलं. "हो गया? हरलीस?"

"हरले."

"बोललीस मात्र जबरी," तो म्हणाला आणि ताट घेऊन बसला. पुढचे तीन दिवस तो तोच तोंडलीभात कुरकुर न करता डब्यात नेत होता. माझ्यावरचं प्रेम तो असंच दाखवतो, आणि मला ते पुरतं.

समितीने पगार देऊन एक कन्सल्टंट आणला. त्याने सुबक नकाशा काढला, त्यावर धारेची वाट लाल रंगात आणि गावांच्या जागी नुसता फिकट हिरवा रंग. सिस्टरच्या आईच्या घराजवळ एक निळा थेंब होता. खाली लिहिलं होतं, पाणी. मी समितीत जाणं बंद केलं. अध्यक्षांनी दोनदा निरोप पाठवला, राग नसावा म्हणून. मी कळवलं, राग आहे. खोटं कशाला बोलायचं?

सिस्टर मात्र दर शनिवारी माझ्याकडे येत राहिली. ती फोनकार्ड घेऊन यायची आणि आमच्या हॉलमधून घरी फोन लावायची. धाकट्या बहिणीकडे मोबाइल आला होता, पण सिग्नलसाठी तिला टेकडीवर चढावं लागायचं. आई तिच्याबरोबर चढायची. इकडे मी चहा करायचे आणि त्यांच्या भाषेतलं एक अक्षर न कळताही आईचा आवाज ऐकत बसायचे. आवाज जाड होता, घाईतला. आपल्याला पटलं नाही तर मध्येच थांबवणाऱ्या बाईचा असतो तसा.

पहिली तुकडी चालून गेली ती २००६ साली. त्या शनिवारी फोन ठेवल्यावर सिस्टरने सगळं सांगितलं. आईने सकाळपासून स्वयंपाक केला होता. कोंबडी कापली होती, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, पालेभाजी. आठ-दहा माणसं झऱ्यावर उतरली. आईने दोघी शेजारणींना घेऊन पुढे होऊन या म्हटलं. त्यांनी गोड हसून पाठीवरच्या पिशव्या दाखवल्या. बाटल्या भरल्या, आईबरोबर फोटो काढला आणि ती माणसं वर चढून गेली. अन्न गावात वाटून टाकावं लागलं. धाकटीने त्याच संध्याकाळी शहरात जाण्यासाठी कपडे बांधले. "आईने आत्तापर्यंत कोणालाही उपाशी पाठवलं नव्हतं," सिस्टर म्हणाली, आणि मग ती रडली. मला संताप आवरेना. मी उठून विनाकारण भांडी घासायला लागले. त्या बाईच्या हातचं अन्न नाकारायचा अधिकार यांना दिला कोणी? आम्ही, समितीने, मतं घेऊन.

धाकटीच्या बसचे पैसे जमेपर्यंत दुसरी तुकडी आली.

त्या वेळी काय झालं ते सिस्टरने मला हसत, डोळे पुसत, अर्धं अभिनय करून सांगितलं. झऱ्याकडून वर जाणारी वाट एके ठिकाणी खडक आणि उतार यांच्यामधून अरुंद होते. त्यांच्याकडे मका कांडायचं उखळ असतं, झाडाच्या खोडाचं, कमरेएवढं. माणसं झऱ्यावर वाकून बाटल्या भरत होती तेवढ्यात आईने आणि धाकटीने ते उखळ घरातून गडगडत आणलं आणि बरोबर त्या अरुंद जागी उभं केलं. मग आई त्याच्या शेजारी पाय पसरून बसली. माणसं आली आणि थबकली. गाईड पलीकडच्या जिल्ह्यातला होता, त्याने विनवण्या केल्या. आजी, यांना उशीर होतोय. आजी, यांच्याकडे आपलं जेवण आहे. आई म्हणाली, "माझ्या झऱ्याचं पाणी प्यायलात ना? आमच्याकडे उभ्या माणसाला पाणी देत नाहीत, बसलेल्याला देतात. तेव्हा आता बसा." गाईडने ते इंग्रजीत सांगितलं. एकाने खडकावरून चढून जाता येईल का ते बघितलं. धाकटीने त्याच्यासमोर हात धुवायला पाणी धरलं. आता हातावर पाणी पडल्यावर माणूस काय करणार! तो बसला, मग सगळेच बसले.

ते जेवले. दोनदा वाढून घेतलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, ही वाट केव्हाची, आणि आईने समोरच्या कपारीकडे बोट दाखवलं. गुलाम धरणारे यायचे तेव्हा गावातल्या बायका मुलांचं तोंड दाबून तिथे लपायच्या. तिची स्वतःची आजी त्या कपारीत जन्मली होती. ऐकता ऐकता दिवस कलला, माणसं त्या रात्री तिथेच झोपली. सकाळी निघताना त्यांनी आपणहून पैसे दिले, आणि अमेरिकेत आल्यावर समितीला लिहिलं, की सगळ्या प्रवासात तो एक दिवस खरा होता.

उखळ त्या जागेवरून हललं नाही. पुढच्या तुकड्यांना गाईड आधीच सांगायला लागला, इथे बसावं लागतं, आजी सोडत नाही. मग वरच्या आणि खालच्या गावातल्या बायका आईकडे भांडायला आल्या. पाहुणे काय तुझ्या एकटीचे? आई म्हणाली, मग न्या की तुमच्याकडे. त्या बायकांनी कुदळी घेतल्या आणि गावागावांमधली खालची वाट, जिथे झुडपं वाढली होती तिथे, स्वतः मोकळी केली. गाईडलाही ती सोपी पडली. दोन पावसाळ्यांत वरची धार गवताने झाकून गेली. समितीला यातलं काहीही कोणी विचारलं नव्हतं.

२००८ सालच्या सुरुवातीला अध्यक्षांचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण पाठ सरळच असणार. "वरून कोणी जात नाही," ते म्हणाले. "नकाशा चुकीचा ठरलाय. तुम्ही काढाल का?"

"तुमचा कन्सल्टंट?"

"तो तिथे कधी गेलेला नाही."

"मीही गेलेली नाही."

"हो," ते म्हणाले. "पण तुम्हाला ती वाट कुठून जाते ते माहीत होतं." थोडं थांबून त्यांनी जोडलं, "वरून तलाव मात्र फार सुंदर दिसतो. माझं मत बदललेलं नाही." मी म्हटलं, "बदलू नका. काढते मी."

तोपर्यंत आमचा वर्क व्हिसाचा गुंता सुटत आला होता आणि मला एके ठिकाणी नोकरीचं बोलावणं होतं. तरीही मी तो नकाशा आधी हातात घेतला. चालून आलेल्यांनी जीपीएसवरचे बिंदू पाठवले, आणि सिस्टरने माझ्या शेजारी बसून फोनवर धाकटीला विचारून प्रत्येक गाव, प्रत्येक ओढा सांगितला. फिकट हिरव्या रंगात गावांची नावं एकेक करून उगवली. निळ्या थेंबाच्या जागी मी घराची खूण काढली.

कच्ची प्रत अध्यक्षांकडे गेली. त्यांनी त्या घराजवळ लिहायला मजकूर सुचवला, भोजनाची सोय, ऐच्छिक. मी ते खोडलं आणि लिहिलं, इथे बसावं लागतं. त्यांचा ईमेल आला, हे थोडं सक्तीचं वाटतं. मी उत्तर पाठवलं, सक्तीच आहे. दुसरा ईमेल आला, चालणाऱ्यांचा गैरसमज होईल. मी लिहिलं, उखळ बघितलं की दूर होईल. तिसऱ्यांदा त्यांनी फोन केला, आणि मी म्हटलं, ही ओळ काढायची असेल तर नकाशाही परत द्या. ओळ तशीच छापली गेली.

सिस्टरने पहिली प्रत गावी पाठवली. पोचायला कितीतरी आठवडे लागले. मग एका शनिवारी तिने आमच्या हॉलमधून फोन लावला. धाकटीने आईला नकाशा वाचून दाखवला होता. आईचं म्हणणं होतं, लिहिलंय ते बरोबर आहे, पण अर्धवट आहे. बसावं लागतं लिहिलं, तर जेवावं लागतं हेही लिहायला नको?

सिस्टरला अजून खूप विचारायचं होतं. पण धाकटीला टेकडीवर फार वेळ थांबता येत नव्हतं. खाली दारात माणसं बसली होती, आणि ती चुलीवर भांडं चढवून आली होती.